अम्मानच्या पूर्वेला, एका राजपुत्राचं न्हाणीघर

मी राहते त्या अम्मानला, जॉर्डनच्या राजधानीत, भारतातून पाहुणे येतात तेव्हा त्यांची यादी आधीच ठरलेली असते: पेट्रा, मृत समुद्र, वादी रम. त्यात मी एक दिवस घुसवते. "पूर्वेला वाळवंटात काही जुने वाडे आहेत," असं म्हटलं की चेहरे पडतात. आधीच ऊन, त्यात वाळवंट, त्यात पडके वाडे! म्हणून आता मी वाडे हा शब्दच काढत नाही. "तेराशे वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, चला," एवढंच सांगते आणि गाडीत बसवते.

थोडा इतिहास सांगावा लागेल, पण आटपते. पैगंबर मुहम्मद ६३२ साली वारले. ६६१ मध्ये उमय्या घराण्याच्या हाती सत्ता आली, त्यांनी दमास्कसला राजधानी केली, आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत त्यांचं राज्य स्पेनपासून सिंधपर्यंत पसरलं. शाळेच्या इतिहासात आपल्याला सिंधवर चालून आलेला मुहम्मद बिन कासिम भेटतो, तो याच घराण्याचा सरदार. ७५० मध्ये अब्बासी या दुसऱ्या घराण्याने त्यांना उखडून टाकलं आणि राजधानी पुढे बगदादला गेली. मधल्या नव्वद वर्षांत उमय्यांनी आजच्या जॉर्डन, सीरिया, पॅलेस्टाइन भागात ठिकठिकाणी वाडे बांधले. इंग्रज आणि युरोपीय प्रवाशांनी त्यांना 'वाळवंटातले किल्ले' असं नाव दिलं, ते चिकटलं ते चिकटलंच. खरं म्हणजे त्यातले बरेचसे किल्ले नाहीत आणि काही तेव्हा वाळवंटातही नव्हते. पाणी अडवून, कालवे काढून शेती केलेल्या जमिनीवर ते उभे होते.

पूर्वेला अझरक गावाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आधी लागतो कस्र खराना. हा मात्र बघताक्षणी किल्लाच वाटतो. साधारण ३५ मीटरची चौरस, दुमजली इमारत, कोपऱ्यांत बुरूज, भिंतीत बाण मारायला ठेवाव्यात तशा अरुंद फटी. आत गेलं की कळतं, त्या फटी इतक्या उंचावर आहेत की तिथून बाण मारायला धनुर्धाऱ्याला शिडी लागली असती. त्या हवेसाठी आणि उजेडासाठी आहेत. वरच्या एका खोलीत काळ्या अक्षरांत कोणीतरी लिहून ठेवलेला मजकूर सापडला आहे, त्यावर ७१० सालची तारीख आहे. म्हणजे इमारत त्याआधीची. बाहेर विजेच्या उच्चदाबाच्या तारा फोटोत हटकून येतात. अर्धा तास पुरे. पुढे चला.

कुसैर अमरा, एक छोटंसं न्हाणीघर, हे या फेरीचं खरं कारण. अम्मानपासून सुमारे ८५ किलोमीटर. रस्त्यावरून दिसतं ते इतकं बारकं की ड्रायव्हर वेग कमी करतो तेव्हा पाहुणे विचारतात, "इथे?" सिमेंटचे तीन पाइप उभे चिरून शेजारी-शेजारी पालथे घालावेत तशी छतं, मागे एक छोटा घुमट, बाजूला विहीर. विहिरीजवळ जनावर गोल फिरून रहाट ओढायचं त्या वर्तुळाची खूण अजून दिसते. जवळून वादी अल-बुत्म जाते (वादी म्हणजे एरवी कोरडी असणारी नदी), तिच्यात रानपिस्त्याची जुनी झाडं आहेत, आणि हिवाळ्यात कधी पाऊस झाला तर पाणीही येतं. युनेस्कोने १९८५ साली या एवढ्याशा इमारतीला जागतिक वारसा ठरवलं.

आत पाऊल टाकलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. मग भिंती बोलू लागतात. जाळ्यात हाकलली जाणारी रानगाढवं, त्यांच्यामागे शिकारी कुत्रे. वादक, नर्तकी. छतावर चौकटी-चौकटींत प्राणी, त्यात एक अस्वल तंतुवाद्य वाजवतंय आणि एक माकड टाळ्या पिटतंय. आणि अंघोळ करणाऱ्या बायका, अंगावर फारसं काही नसलेल्या.

गेल्या हिवाळ्यात आई आली होती तेव्हा तिला इथे आणलं. आई संभाजीनगरची, अजिंठा तिला घरचा. ती चष्मा सावरत म्हणाली, "अगं, या तर अंघोळ करतायत! आणि हे मुसलमान राजाच्या घरात?" हा प्रश्न तिचा एकटीचा नाही, मी आणते तो प्रत्येक पाहुणा तो विचारतो. उत्तर फार गुंतागुंतीचं नाही. याच उमय्यांनी जेरुसलेमला जो सोनेरी घुमट उभारला, त्यात माणूस किंवा प्राणी नाही, फक्त वेली, दागिने आणि अक्षरं. प्रार्थनेच्या जागी एक रीत, राजपुत्राच्या न्हाणीघरात दुसरी. आई थोडा विचार करून म्हणाली, "पहिल्या लेण्यात राजाला न्हाऊ घालतानाचं चित्र आहे की. ते तर विहारात आहे." यावर मला काही बोलायचं सुचलं नाही.

हे न्हाणीघर कोणाचं, यावर शंभर वर्षं वाद चालला होता. २०१२ मध्ये चित्रं स्वच्छ करताना दक्षिणेकडच्या भिंतीवर एक ओळ बाहेर आली, आणि तिच्यात नाव निघालं: वलीद इब्न यझीद. म्हणजे पुढचा खलिफा दुसरा वलीद, पण त्याला तिथे खलिफा म्हटलेलं नाही. तेव्हा तो फक्त वारस होता.

त्याची गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ७२४ मध्ये बाप मेला, गादीवर काका बसला, हिशाम, या बोलीवर की त्याच्यानंतर पुतण्या. काका टुणटुणीत निघाला. एकोणीस वर्षं राज्य केलं. मधल्या काळात आपल्याच मुलाला वारस करता येतं का, हेही त्याने चाचपून पाहिलं. काका-पुतण्यांचं जमेना, वलीद दरबारापासून दूर, या बाजूच्या वाळवंटात राहिला. कविता केल्या, त्याही बहुतेक दारूवर. शिकार केली. आणि हे बांधलं. ७४३ मध्ये एकदाची गादी मिळाली, आणि ७४४ मध्ये स्वतःच्याच नातलगांच्या बंडात तो मारला गेला. पुढच्या इतिहासकारांनी त्याला व्यसनी, नादान ठरवून मोडीत काढलं. ते अब्बासींच्या काळात लिहीत होते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पश्चिमेच्या भिंतीवर अमराचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र आहे: सहा राजे ओळीने उभे, हात पुढे केलेले. चौघांची नावं ग्रीक आणि अरबीत लिहिलेली होती म्हणून ते ओळखता आले. रोमचा कैसर, इराणचा खुस्रो, हबशांचा नेगुस, आणि स्पेनचा रॉडरिक, ज्याचा ७११ मध्ये पराभव झाला. उरलेल्या दोघांची नावं पुसली गेली आहेत. अभ्यासक चीनचा सम्राट, तुर्कांचा खाकान, हिंदचा राजा अशी वेगवेगळी नावं सुचवतात. तिथला रखवालदार या बाबतीत ठाम आहे. आम्हाला पाहून त्याने पुसट चेहऱ्याकडे बोट केलं आणि आईला म्हणाला, "हज्जे, हा तुमचा. हिंद!" चिनी पाहुणे आले की तोच चेहरा चीनचा होत असणार. वयस्कर बाईला इथे आदराने हज्जे म्हणतात, मग ती हजला गेलेली असो वा नसो. आई त्या दिवशी दोन-तीनदा हज्जे झाली आणि खूशही झाली.

पण मला विचाराल तर राजे नाहीत, पूर्वेच्या छतावरच्या चौकटी बघा. तिथे कारागीर आहेत. दगड फोडणारे, उंटावर दगड लादून आणणारे, करवत चालवणारे सुतार, लोहार, गवंडी. बत्तीस चौकटींत इमारत उभी राहण्याचं सगळं काम. राजांनी शिकारी आणि नर्तकी रंगवून घेतल्या तर त्यात नवल नाही. माथाडी आणि सुतार छतावर काढायला सांगणारा राजपुत्र विरळा. नादान माणसाच्या घरात हे कसं आलं, हा प्रश्न मी त्या इतिहासकारांना विचारला असता.

मागच्या बाजूला खरी न्हाणी: तीन लहान खोल्या, जमिनीखाली पोकळी ठेवून गरम हवा खेळवायची रोमन रीत. शेवटच्या खोलीच्या घुमटात आकाश रंगवलं आहे. राशिचक्र, सप्तर्षी, धनु, मिथुन, भुजंगधारी. घुमटावर काढलेलं तारांगण म्हणून याच्याइतकं जुनं दुसरं शिल्लक नाही. गंमत म्हणजे ते उलटं आहे: आपण जमिनीवरून पाहतो तसं नाही, तर खगोलाचा गोल बाहेरून पाहिल्यासारखं. चित्रकारासमोर बहुधा एखादा गोल किंवा त्यावरून केलेला नकाशा होता, आणि त्याने तो तसाच्या तसा आत उतरवला. वाफेत पडून वर बघणाऱ्या वलीदच्या हे लक्षात आलं असेल का, कोण जाणे.

आता चित्रांच्या हालांबद्दल. १८९८ मध्ये आलोइस मुसिल हा मोराव्हियाचा धर्मगुरू बदावींबरोबर, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांबरोबर, इथे पोचला. व्हिएन्नात सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना. मग १९०१ मध्ये तो मिलिख नावाच्या चित्रकाराला घेऊन आला. मिलिखने नकला केल्या, त्यासाठी भिंती रसायनांनी धुतल्या, आणि दोघांनी काही तुकडे उचकटून नेले. व्हिएन्नाच्या अकादमीने १९०७ मध्ये दोन देखणे खंड काढले, भिंतीवर मात्र ओरखडे राहिले. १९७० च्या दशकात स्पॅनिश पथकाने दुरुस्ती केली. धूर, घाण, नावं कोरणाऱ्यांचे पराक्रम यातून त्यांनी बरंच वाचवलं, हे खरं. पण काही जागी नव्याने रंगवलं, वर लाखेचा थर दिला, आणि तो थर काळाबरोबर पिवळा पडला. अलीकडे इटालियन संवर्धक आणि जॉर्डनचं पुरातत्त्व खातं मिळून तो थर काढत आले आहेत. वलीदचं नाव सापडलं ते याच कामात.

हे आईला सांगताना ती मध्येच म्हणाली, "लाख? आमच्याकडेही लाखच लावली होती." बरोबर आहे. निजामाच्या सरकारने १९२० च्या सुमाराला इटालियन तज्ज्ञ अजिंठ्याला आणले, त्यांनी पापुद्रे चिकटवले आणि वर लाखेचा मुलामा दिला. त्याचा पिवळट-तपकिरी पडदा नंतर पुरातत्त्व खात्याला वर्षानुवर्षं काढत बसावं लागलं. इटालियनांनी तिकडे लावलेली लाख इकडे इटालियन काढताहेत, हा हिशोब आईला फार आवडला. संभाजीनगरला परतल्यावर तिने तो सगळ्यांना सांगितला.

वलीदचा दुसरा वाडा मुशत्ता. अम्मानच्या दक्षिणेला, विमानतळाच्या कुंपणाला जवळजवळ लागून. बहुतेक अभ्यासक तो वलीदच्या त्या छोट्याशा कारकिर्दीतला मानतात. खलिफा झाल्यावर त्याने हात सैल सोडला: १४४ मीटरची एक-एक बाजू, आत दरबाराची तीन कोनाड्यांची जागा, पक्क्या विटांच्या कमानी. पुरा झालाच नाही. दर्शनी भिंतीवर मात्र दगडात अशी नक्षी कोरली होती की बघत राहावं. नागमोडी पट्टीने केलेले त्रिकोण, प्रत्येकात एक मोठं फूल, भोवती द्राक्षवेली, वेलींत पक्षी, सिंह, पाणी पिणारे प्राणी. दाराच्या उजवीकडच्या भागात प्राणी नाहीत, फक्त वेली. कारण त्या भिंतीमागे मशीद होती. अमराच्या न्हाणीघरात आईला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे एकाच भिंतीवर, दाराच्या दोन बाजूंना कोरून ठेवलं होतं.

'होतं' असं लिहिते आहे, कारण ते आता इथे नाही. १९०३ मध्ये उस्मानी (ऑटोमन) सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदने ती नक्षी जर्मन कैसर दुसऱ्या विल्हेल्मला भेट दिली. दगड सुटे करून बर्लिनला गेले. सुमारे ३३ मीटर लांबीची ती भिंत १९३२ पासून पेर्गामोन संग्रहालयात आहे. महायुद्धात तिचा काही भाग बॉम्बने गेला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद असल्याने ती सध्या कोणालाच दिसत नाही. हेजाझ रेल्वेचं काम तेव्हा जवळूनच चाललं होतं, दगड त्यात गडप झाले असते, असं नेण्याचं समर्थन करतात. असेलही. पण ज्याने भेट दिली तो इस्तंबूलला, ज्याला मिळाली तो बर्लिनला, आणि इथल्या माणसाला कोणी विचारल्याचं दिसत नाही. माझी इथली शेजारीण बर्लिनला गेली होती तेव्हा तिकीट काढून आपल्याच गावाबाहेरची भिंत पाहून आली. तिने ते हसत सांगितलं, मला काही तितकंसं हसू आलं नाही.

काका हिशामच्या काळातला वाडा जॉर्डन नदीपलीकडे जेरिकोजवळ आहे. तिथल्या न्हाणीघराची आठशे चौरस मीटरहून मोठी रंगीत फरशी २०२१ मध्ये जपानच्या मदतीने छताखाली आणून लोकांना खुली केली. तिकडे जायचं तर सीमेवरच्या परवानग्या आल्या, म्हणून ते तूर्त राहिलं आहे.

कोणी येणार असाल तर: जॉर्डन पास घ्या, व्हिसाचे पैसे वाचतात आणि पेट्राबरोबर हे वाडेही त्यात येतात. सकाळी लवकर खराना, मग अमरा. अमरात खिडक्या लहान आहेत, ऊन वर आलं की चित्रं जास्त चांगली दिसतात. फ्लॅश मारू नका. रखवालदार मरमिय्या (सेजची सुगंधी पानं) घातलेला चहा देऊ करेल, नको म्हणू नका. जेवायला अझरक. मुशत्ता परतीच्या विमानाच्या दिवसासाठी ठेवा, विमानतळाला वळसा घालून रस्ता जातो, पण टॅक्सीवाल्याला नुसतं नाव सांगून भागत नाही, फोनवर नकाशा उघडून द्या. तिथे सावली नाही आणि दुकानही नाही, पाणी बरोबर असू द्या.