तुम्ही विचारलंत म्हणून: शेतातली शंखी गोगलगाय आली कुठून?

2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगाईंनी सोयाबीन उगवता उगवता फस्त केलं. तेव्हापासून एक प्रश्न सारखा येतो: डीएनए तपासून ही आमच्याकडे नेमकी कुठून आली ते कळेल का?

तिचं घराणं कळतं. शेवटचा टप्पा, म्हणजे कोणत्या नर्सरीच्या रोपांबरोबर किंवा कोणत्या ट्रकमधून आली, हे बहुधा कळत नाही.

ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची, केनिया-टांझानियाच्या बाजूची. तिथून ती हिंदी महासागरातल्या बेटांवर गेली आणि 1847 मध्ये विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकामुळे मॉरिशसहून कोलकात्याच्या चौरंगीतल्या बागेत पोचली. प्रत्येक टप्प्यावर मोजक्याच गोगलगाई पुढे सरकल्या. ती उभयलिंगी आहे, जोडीदाराचे शुक्राणू बराच काळ साठवून ठेवते आणि एका खेपेला शंभरावर अंडी घालू शकते. म्हणजे नवी वस्ती वसवायला एकदा समागम झालेली एक गोगलगाय पुरते. मुठभर पूर्वज, म्हणून वैविध्यही मुठभर.

याचा परिणाम 2014 च्या एका अभ्यासात स्पष्ट दिसला. जगभरच्या पाचशेहून अधिक गोगलगाईंचा 16एस हा मायटोकॉन्ड्रियातला (पेशीतला ऊर्जा बनवणारा, स्वतःचा वेगळा डीएनए असलेला भाग) जनुकतुकडा वाचला गेला. पूर्व आफ्रिका आणि बेटांवर त्याचे बरेच प्रकार मिळाले, बाहेर मात्र जिकडेतिकडे ‘सी’ नावाच्या एकाच प्रकाराचं राज्य. तुमच्या शेतातली ‘सी’ निघाली तर बेटांवरून जगभर पसरलेल्या वाणाची ती आहे एवढंच समजायचं. ती कोलकात्याच्या त्याच बागेतली वंशज, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. वेगळा प्रकार निघाला, तर खरी गंमत सुरू होते: मग वेगळी, कदाचित अलीकडची आयात शोधावी लागते.

तरीही तपासणी करायचीच असेल, तर बहुतेक कामं नमुन्याच्या बाटलीतच बिघडतात, यंत्रात नाही. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी बांधाला टाकलं की सकाळी खाली गोगलगाई जमतात. पण एकाच गोणपाटाखालच्या वीस उचलू नका, त्या एकाच घरातली भावंडं असू शकतात. चार-पाच शेतांतून मिळून 20 ते 30 घ्या. हातमोजे घालाच, कारण तिच्यात उंदराच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात आणि तो जंत माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. मिठाच्या पाण्यात मारून ठेवलेल्या, वास सुटलेल्या गोगलगाई कामाच्या नाहीत.

आख्खी गोगलगाय दारूत, म्हणजे इथेनॉलमध्ये, टाकणं ही नेहमीची चूक. ती अंग शंखात आत ओढून घेते, दारू आतपर्यंत पोचत नाही, आणि पचनग्रंथी सडून डीएनएचे तुकडे होतात. पायाच्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा, साधारण 20 ते 25 मिलिग्रॅमचा तुकडा कापा, चिकट द्रव टिपून घ्या आणि दहापट 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. चोवीस तासांनी इथेनॉल बदला, कारण मांसातलं पाणी उतरून ते पातळ होतं. फॉर्मॅलिन अजिबात नको. लेबल पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका, पेनाची शाई इथेनॉलमध्ये धुऊन जाते. गाव, तारीख, जीपीएस आणि शंखाचा फोटो नसेल तर तो नमुना नुसताच मांसाचा तुकडा.

प्रयोगशाळेतली खरी डोकेदुखी म्हणजे तिचा चिकटा. त्यातल्या शर्करा डीएनएला लटकून येतात आणि पीसीआर, म्हणजे हव्या त्या डीएनए तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया, अडवतात. म्हणून साध्या किटऐवजी 2 टक्के सीटॅब (शर्करा वेगळ्या करणारं रसायन), 65 अंश तापमान आणि नंतर क्लोरोफॉर्म ही जुनी पद्धत बरी. 260/230 हे डीएनएची शुद्धता सांगणारं गुणोत्तर फार खाली असेल आणि जेलवर पीसीआर जमल्याची पट्टी येत नसेल, तर नवखा माणूस डीएनए वाढवतो. उलट करा: दहापट पातळ करा. अडवणारा माल पातळ होतो आणि पट्टी उमटते. डीएनए न घातलेल्या कोऱ्या नळीतही पट्टी दिसली, तर सगळा घाणा फेकून द्या.

16एसचा तुकडा दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. प्रकाराप्रकारांत डीएनएच्या एखाद-दोन अक्षरांचाच फरक असू शकतो, त्यामुळे टोकाच्या धूसर वाचनाला नवा प्रकार समजणं सोपं असतं. आधीच्या अभ्यासाएवढाच भाग कापून जुळवा, मगच ‘सी’ वगैरे नाव द्या.

ही पद्धत जिथे चमकदार ठरली, ते उदाहरण आयर्लंडचं. तिथल्या पट्टेरी गोगलगाईचं एक घराणं ब्रिटनमध्ये नाही, पण फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या पूर्व पिरेनीज डोंगरांत आहे. 2013 मध्ये मांडलेला अर्थ असा की, सुमारे 8,000 वर्षांपूर्वी माणसांबरोबरच ती थेट तिकडून आली असावी. तिथे मूळ प्रदेशात प्रकार भरपूर होते आणि आलेला प्रकार विरळा होता. आपल्याकडे उलटं: जिथून आली असेल त्या आफ्रिका-बेटांबाहेरच्या भागांत प्रकार जवळपास एकच, आणि आलेला प्रकारही तोच सगळीकडचा.

म्हणून नर्सरी की ट्रक, हा प्रश्न असेल तर 16एस पुरत नाही. त्यासाठी पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएमधले हजारो एकाक्षरी फरक वाचावे लागतात. 2019 पासून या गोगलगाईचा संपूर्ण जिनोम (सगळ्या डीएनएचा नकाशा) उपलब्ध असल्यानं हे सोपं झालंय. पण तुलना कशाशी करणार? संशयित नर्सरीतले, बाजार समितीच्या आवारातले, शेजारच्या जिल्ह्यातले प्रत्येकी 20-30 नमुने हाताशी येणार आहेत का ते आधी बघा, मग सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनए वाचून घेण्याचा, दर विचारा.