कोथरूड ते लंडन : आईच्या प्रवासाचा हिशेब

दादा लंडनला, आई कोथरूडला. नकाशावर सरळ रेघ मारली तर पुणे-लंडन साधारण ७,३०० किलोमीटर भरतं. पण पुण्याहून तिकडे थेट विमान नाही. २०२५ च्या दिवाळीनंतर आईला पहिल्यांदा एकटीला पाठवायचं ठरलं, तेव्हा मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती मुंबईपर्यंतच्या दीडशे किलोमीटरची.

लोहगावहून दिल्ली आणि पुढे लंडन, असंही जाता आलं असतं. पण आईचे गुडघे दुखरे, मध्ये विमान बदलायला लावणं नको वाटलं. मुंबईहून थेट तिकीट काढलं आणि तेव्हाच व्हीलचेअर सांगून ठेवली. विमान २६ ऑक्टोबरचं, पहाटे दोनचं. म्हणजे घरून निघायचं २५ ला! तारखेचा हा घोळ भल्याभल्यांचा होतो, म्हणून कॅलेंडरवर २५ ला आईकडूनच गोल करून घेतला.

खरी अडले ती पोचायच्या वेळेपाशी. तिकिटावर सकाळचे सात होते. प्रवास साडेदहा तासांचा, लंडन आपल्या साडेचार तास मागे, मग आठ यायला हवेत. तीनदा मांडलं, तीनदा आठच आले. शेवटी दादाने उलगडा केला. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे घेतात आणि २६ तारीख नेमकी तोच रविवार. आई विमानात असतानाच फरक साडेपाच तासांचा होणार होता. तिकीट बरोबर होतं.

मग तिच्या डायबेटिसच्या गोळ्या कोणत्या वेळेने घ्यायच्या? डॉक्टरांनी सांगितलं, दादाच्या घरी पोचेपर्यंत इथल्याच घड्याळाप्रमाणे घ्या, पुढच्या वेळा लिहून देतो. मी कागदाच्या पुड्या बांधल्या आणि वर ठळक लिहिलं : रात्री ९, सकाळी ८, दुपारी २. चिठ्ठीसकट सगळं पर्समध्ये. मनगटावरच्या एचएमटीला हात लावायचा नाही, असं तिला बजावलं.

शनिवारी साडेचारला निघालो. शेजारचे काका म्हणाले, "अगं, एवढ्या लवकर?" उर्से टोलपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. खंडाळ्याच्या पुढे उतारावर कंटेनर बंद पडला होता, त्यात दिवाळीहून परतणाऱ्यांची गर्दी. पावणेदोन तास गाडी जागची हलली नाही. बाहेर ब्रेक जळल्याचा वास येत होता आणि आई डोळे मिटून स्तोत्र पुटपुटत होती. वाशीच्या खाडीपुलावर नऊ वाजले. तिने डबा उघडून दशमी खाल्ली, पहिली पुडी सोडली. विमानतळावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. दीडशे किलोमीटरला पावणेसहा तास! तरी हाताशी जवळजवळ चार तास होते, म्हणून माझा जीव थाऱ्यावर राहिला. नेहमीसारखे चार तास धरून निघालो असतो, तर त्या घाटात काय झालं असतं, हे मनात आणवत नाही.

कोथरूडच्या दारापासून दादाच्या दारापर्यंत एकूण तेवीस तास लागले.

रविवारी दुपारी साडेतीनला फोन आला. "पोचले गं. इथे सकाळचे दहा वाजलेत. दोनची पुडी मी पासपोर्टच्या रांगेतच घेतली, बिस्किटाबरोबर."