किल्लारीच्या वाटेवर, मिल्ट्रीमामांच्या गावी

औसा मागं पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगाला सोयाबीन सुरू होतं, ते किल्लारीपर्यंत काही संपत नाही. पोळा तोंडावर आलेला. लामजना पाटीवर चहाला थांबलो, तर समोरच्या दुकानात झुली-गोंडे थोडे आणि मातीचे बैल ढीगभर. दावणीलाच बैल नाहीत तर झूल कुणाच्या पाठीवर टाकणार?

मी निघालो होतो मिल्ट्रीमामांच्या वर्षश्राद्धाला. आईचे चुलतभाऊ. सुताराच्या घरातलं हे पोरगं बेळगावला जाऊन मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालं, पंधरा वर्षांनी हवालदार होऊन परत आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाकूड तासायचा वाकस घेऊन कामठ्यावर, म्हणजे सुतारकामाच्या जागेवर, बसलं, असं आई सांगते. गावानं नाव ठेवलं मिल्ट्री. गावात मान होता, त्यात कॅन्टीनच्या कोट्याचाही थोडा वाटा होता, खोटं कशाला बोला!

१९७१च्या लढाईत त्यांची जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, ब्रह्मपुत्रेपलीकडं, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. शरण या म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानी कर्नलनं कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर दिलं होतं. मग १० डिसेंबरच्या रात्री शहरातली फौज बाहेर पडायला निघाली ती यांच्याच मोर्च्यांवर येऊन आदळली. आम्ही पोरं गोळीबार ऐकायला टपून बसायचो आणि मामा सांगायचे खंदकावरच्या लाकडांबद्दल. ओंडके किती अंतरानं टाकले, त्यांची टोकं काठावर किती आत घेतली, वर माती किती. "माती कितीबी टाक रं. भार कुणाच्या डोक्यावर बसलाय ते आधी बघ."

हे बोलणं मला कळलं ते बऱ्याच वर्षांनी. आपलं माळवद दुसरं काय असतं? खांब, तुळया, वर किलच्या, म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, आणि त्यावर दीड-दोन फूट माती. दर पावसाळ्याआधी गळती नको म्हणून पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. आजोबानं टाकलेली माती नातू काढत नाही, उलट भर घालतो. जुन्या घरांत खांबांवर तुळया असायच्या. नंतर लाकूड महागलं तसे लोक खांब गाळून तुळई सरळ भिंतीत खुपसायला लागले. भिंती तरी कसल्या, चिखलात रचलेले दगड. मामांनी सुट्टीवर आले असताना स्वतःच्या घरात भिंतीला लागून ओळीनं बाभळीचे खांब उभे केले. "मिल्ट्रीनं घराचा गोठा केला" म्हणून गाव हसलं.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. किल्लारीच्या या भूकंपात जवळपास १० हजार माणसं गेली. मामांच्या घराची मागची भिंत बाहेर कोसळली, छत मात्र खांबांवर तसंच राहिलं. शेजारी सख्ख्या भावाच्या घरात खांब नव्हते. त्या घराबद्दल मामा एवढंच सांगायचे की ढिगारा उपसायला दुपार झाली. पुढचे दिवस ते लष्कराच्या जवानांबरोबर कुठली तुळई आधी उचलायची, कुठलीला हात लावायचा नाही, हे दाखवत फिरले. पाऊस पडत होता. सरणाला कोरडं लाकूड मिळेना, तेव्हा पडलेल्या घरांच्याच तुळया गेल्या. त्यांतल्या कित्येक त्यांच्या वडिलांनी घडवलेल्या होत्या.

गाव आता दोन-अडीच किलोमीटरवर उठून आलंय. आखीव प्लॉट, सरळ रस्ते, एकसारखी घरं. मजबूत आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ओसरी नाही, पार नाही, बसायचं कुठं? लोकांनी पुढं पत्र्याचे शेड ठोकून ती सोय करून घेतली. मामांनी उरलेल्या तुळयांच्या चौकटी केल्या. त्यांच्या दाराची चौकट मी बोटं फिरवून पाहिली. उजव्या बाजूला जुन्या खाचेत नवा सागाचा तुकडा इतका घट्ट बसवलाय की नखही शिरत नाही, फक्त रंग वेगळा. खिळा एकही नाही. शिकाऊ पोरानं खिळा ठोकला की मामा फौजी हिंदीत डाफरायचे, "ये क्या बना रखा है?" पोरं आपापसात तेच म्हणून हसायची.

"काय बघायलास तिथं? हात धू, पानं वाढलीत," मामी आतून म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर माळ्यावरून त्यांनी केलेलं चाडं काढलं. तिफणीवर बसवायचं हे लाकडी वाडगं, तळाला तीन भोकं. बाई चालता चालता मुठीनं बी सोडते आणि ते नळ्यांतून तिन्ही फणांत जातं. भोकांत जरा फरक पडला की पेरणीची एक ओळ दाट, एक विरळ. मामा भोक पाडून झाल्यावर ज्वारी ओतायचे आणि तिन्हीकडून खाली पडलेले दाणे मोजायचे. एका चाड्याला अख्खा दिवस घालवायचे. धंदा म्हणून हे परवडणारं नव्हतंच. पेन्शन होती म्हणून चाललं, असं मला वाटतं. मुलगा ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो आणि बापापेक्षा बरं कमावतो.

पंगत उठताना एक म्हातारे शेतकरी मामीजवळ आले. मामांचं बलुतं त्यांच्याकडं राहिलं होतं, एक पोतं शाळू ज्वारी. सून म्हणाली, पैसे देऊन टाका. म्हाताऱ्याला ते पटेना.

"मिल्ट्रीनं कधी पैसे घेतले नाहीत माझ्याकडनं. ज्वारीच देणार."

"द्या की मग," मामी म्हणाल्या.

"पेरलीय कुठं? समदं सोयाबीन हाय." म्हातारे माझ्याकडं वळले. "तू लातूरला जायलास न्हवं? आडतीवर शाळूचा काय भाव चाललाय, तेवढं फोन करून सांग बरं."

मी नंबर लिहून घेतला.