हाइंकेल हे ५१ (जर्मन दुपंखी लढाऊ विमान), १/४८ मॉडेल: वरचा पंख अखेर सरळ

वरचा पंख बसला! समोरून पाहिलं तर दोन्ही टोकं एका पातळीत, आणि टोकापासून रडरच्या खांबापर्यंतची डावी-उजवी अंतरं कर्कटकाने तंतोतंत सारखी. मागच्या नोंदीत वरचा पंख तिरपा बसतोय म्हणून लिहिलं होतं. तो तिरपेपणा एन-स्ट्रटचा (दोन पंखांमधल्या एन आकाराच्या खांबांचा) नव्हताच, धडावरून वरच्या पंखाला पेलणाऱ्या मधल्या स्ट्रटचा होता.

या विमानाचा पंखविस्तार ११ मीटर, म्हणजे १/४८ मध्ये २२९ मिमी. मधल्या स्ट्रटची डोकी मध्यरेषेपासून जेमतेम १० मिमीवर. तिथे एक बाजू अर्धा मिमी उंच राहिली की टोकाला साडेपाच मिमीहून जास्त फरक पडतो. किटच्या सूचनांत मात्र हेच स्ट्रट आधी चिकटवायला सांगितलंय. लिक्विड सिमेंटने त्यांची टोकं मऊ पडतात आणि पंख टेकला की खचतात. सुपरग्लू लावला तर सरकवायला वेळच मिळत नाही. पावसाळी दमट हवेत तो आणखी लवकर धरतो.

म्हणून क्रम उलटा. ५ मिमी फोमबोर्डचं जिग (भाग जागेवर धरून ठेवणारा साचा) केलं: धड खालच्या पंखासकट खाचेत, वरचा पंख दोन्हीकडच्या आधारांवर, स्टॅगरही (खालच्या पंखाच्या तुलनेत वरचा किती पुढे ते अंतर) त्या आधारांनीच ठरलेला. आधी एन-स्ट्रट, तेही फक्त खालच्या पंखाला चिकटवून. मधले स्ट्रट सगळ्यात शेवटी, पितळेचे. ०.८ मिमी नळीत ०.३ मिमी तार घालायची, दोन्हीकडे २ मिमी बाहेर ठेवायची, मग नळी पकडीने चपटी करायची. तार आपोआप आवळली जाते. नळी किंचित लांब कापून कानशीने उतरवत मापाला आणायची. भोकं ०.४ मिमीची, पिन व्हाइसने (बोटांनी फिरवायच्या बारीक ड्रिलने). त्यासाठी कार्बाइड बिट घेऊच नका, हाताच्या जराशा तिरक्या दाबाने तुटतात. साधे एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट वाकतात पण टिकतात.

तारेच्या खुंट्यांमुळे पंख आता काढता-घालता येतो, आणि इथेच बेत बदलला. डोबेरिट्झच्या जेजी १३२ या जर्मन लढाऊ पथकाचं लाल नाकाचं विमान करायचं सोडून दिलं, आता स्पेनच्या यादवी युद्धातल्या ३.जे/८८ या जर्मन तुकडीचं सी-१ (जमिनीवर हल्ल्यासाठीचा प्रकार) करायचं. खालच्या पंखाखाली १० किलोच्या बॉम्बचे रॅक बसवायला आणि पंखांच्या आतल्या बाजू एअरब्रशने रंगवायला आता मोकळी जागा आहे. पांढऱ्या रडरवरची काळी फुली डेकल (तयार छापील चिकटचित्र) न लावता मास्किंग करूनच काढणार.

रिगिंगला (पंखांमधल्या ताणतारांना) ०.०८ मिमी नायलॉन धागा, कारण तो अगरबत्तीच्या धगीने ताणला जातो. धग लांबूनच द्यायची, टेकली की धागा तुटतो. लवचीक धाग्याला मात्र ही धग अजिबात नको.