तुम्ही विचारलंत म्हणून: "आता बरी आहेस ना, मग नोकरी का नाही करत?"

आत्या विचारते, शेजारच्या वहिनी विचारतात, जुन्या ऑफिसातली मैत्रीण दर दिवाळीला फोन करून हेच विचारते. मी "बघू" म्हणून विषय बदलते. आज एकदाचं लिहून टाकते.

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा जुनाट आजार, आहे हे तुम्हाला माहितीये. मूळव्याध समजून आठ महिने मलमं लावली, मग कोलोनोस्कोपी, ते सगळं ऐकवून झालंय. कुड्याचं मूळ ताकात उगाळून घेतलं, बेलाचा मुरंबाही खाल्ला (वहिनी, मुरंबा खरंच छान होता, पण मोठ्या आतड्याला आतून जखमा होत्या हो). स्टेरॉइडच्या 40 मिलिग्रॅमवर तोंड पुरीसारखं फुगलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, तब्येत सुधारली गं!

तर 2018 चा जुलै. डोंबिवली फास्ट, संध्याकाळची, लेडीज डबा. मी तेव्हा फार हुशार होते, दुपारनंतर पोटात काहीच टाकायचं नाही, चहाचा घोटसुद्धा नाही, म्हणजे गाडीत त्रास नाही असं माझं गणित, आणि ते चाललंही होतं सहा महिने. ठाणं सुटलं आणि पारसिकच्या बोगद्याच्या अलीकडे गाडी थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाऊस, सिग्नल नाही. लोकलला संडास नसतो हे लहान पोरालाही माहीत असतं, पण ते तुमच्या पोटाला कुठे माहीत असतं? कळ आली. रिकाम्या पोटीसुद्धा येते, अन्नाचा काही संबंध नसतो, रक्त आणि आव असते नुसती. मी दांडा धरून उभी, घामाने पाठ भिजलेली, रुळाशेजारच्या झोपड्या दिसत होत्या, वाटलं उडी मारावी आणि कुणाचंही दार वाजवावं.

समोरच्या सीटवर एक ताई मेथी निवडत बसल्या होत्या. रोजच्याच, पण बोलणं कधी नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं त्यांनी आणि विचारलं, "पोट?" मी मान हलवली. त्यांनी काय केलं, निवडलेली आणि न निवडलेली सगळी मेथी पदरात ओतली आणि पिशवी माझ्या हातात दिली. प्लास्टिकबंदी लागून महिना पण झाला नव्हता, ती पिशवी कुठून आली होती देव जाणे. मग दोघीतिघींना उठवलं, दाराच्या बाजूच्या कोपऱ्यात ओढणी धरायला लावली, सगळ्या पाठ करून उभ्या राहिल्या. एका मुलीने मोबाईलवर गाणं मोठं केलं, कशाला ते मला नंतर कळलं. कुणी एक शब्द बोललं नाही. कुणी हसलं नाही. चाळीस मिनिटांनी गाडी हलली आणि डोंबिवलीला उतरताना त्या ताई म्हणाल्या, "उद्या ये हां, जागा धरते तुझी."

मी परत कधी त्या गाडीला गेले नाही. आधीची धरली, नंतरची धरली, ऑफिसात अर्धा अर्धा तास उशिरा बसले, आणि ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला. घरी सांगितलं, त्रास फार वाढलाय.

वाढला नव्हता. उलट तेव्हा तो जरा आटोक्यातच येत होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेव्हाची मी म्हणेल, अगं पण परत झालं असतं तर? झालं असतंही. पण त्या बायकांनी काही वाईट केलं होतं का? मग त्यांच्यासमोर जायची एवढी लाज का वाटली? त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर कदाचित मी दुसऱ्या दिवशी गेले असते, भांडायला तरी. हे लिहिताना मलाच मूर्खपणाचं वाटतंय, पण आहे हे असं आहे.

आणि मी काही रिकामी बसलेली नाहीये. तीन दुकानांचे जीएसटी रिटर्न घरून भरते, हे पण एकदा ऐकून घ्या.

आता तुमचं "बरी". आतड्याची सूज आटोक्यात ठेवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या रोज चालूच आहेत. गेल्या महिन्यात शौचाच्या तपासणीत कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज असली की हे वाढतं) 38 आलं, नॉर्मल 50 च्या आत. रिपोर्टवर मी नॉर्मल. तरी लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की नवरा-नवरी कुठे आहेत ते नंतर, आधी संडास कुठे ते बघते, आणि त्याला कडी आहे का.

नवरा म्हणतो, 2022 पासून फास्ट लोकल त्या बोगद्यातून जातच नाहीत, मुंब्रा-कळव्यावरून जातात. म्हणजे माझं अर्धं कारण रेल्वेनेच काढून घेतलं. मंगळवारी ठाण्याला एका ऑफिसात बोलावलंय. स्लो गाडीने गेलं तर कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, चार ठिकाणी उतरता येतं. मी अजून त्यांना हो कळवलेलं नाही.