लावायला विसरले की लावल्याचं विसरले?

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गातले बहुतेक जण नोकरी करून येतात. काल एका ताईंच्या वहीत वाक्य होतं, 'आय रिमेंबर टू लॉक द डोर.' त्यांना म्हणायचं होतं, कुलूप लावल्याचं मला आठवतंय.

"कुलूप लावून झालंय ना? मग 'लॉकिंग' हवं," मी म्हटलं.

"पण पुस्तकातल्या क्रियापदांच्या यादीत तर रिमेंबरपुढे 'टू' आणि 'आयएनजी' दोन्ही चालतं असं दिलंय."

अशा याद्यांचा मला राग येतो तो इथेच. दोन्ही चालतं खरं, पण अर्थ पार बदलतो. मी फळ्यावर सरळ मराठीच लिहिलं: 'कुलूप लावायला विसरले' आणि 'कुलूप लावल्याचं विसरले'. पहिल्यात दार उघडंच राहिलं. दुसऱ्यात कुलूप लागलंय, फक्त ते डोक्यातून गेलं. 'लावायला' असेल तिथे 'टू लॉक', 'लावल्याचं' असेल तिथे 'लॉकिंग'. स्टॉपचंही तसंच. 'तो बोलायला थांबला' म्हणजे चालता चालता थांबून बोलू लागला, 'स्टॉप्ड टू टॉक'. 'तो बोलायचा थांबला' म्हणजे गप्प झाला, 'स्टॉप्ड टॉकिंग'. हा फरक आपण लहानपणापासून न चुकता करतो, मग इंग्रजीच्या तासाला तो बाहेर का ठेवायचा?

अर्थात मराठी सगळीकडे साथ देत नाही. 'पोहायला मजा येते' यावरूनच 'एन्जॉय टू स्विम' येतं, आणि ते चूक आहे. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश यांच्यापुढे 'आयएनजी'च. वाँट, डिसाइड, होप यांच्यापुढे 'टू'च. एवढं पाठ करावंच लागतं.

'लुकिंग फॉरवर्ड टू'मधला 'टू' मात्र वेगळा, तो शब्दयोगी अव्यय आहे. त्याच्यापुढे 'इट' ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू इट' बसतं, म्हणून 'टू मीटिंग यू'. 'वाँट टू इट' बसत नाही, म्हणून तिथे 'टू मीट'.

वर्ग सुटल्यावर ताई दाराशी थांबल्या. "आणि ट्राय?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. "ती घट्ट बसलीय. काय म्हणाल?"

"उघडायचा प्रयत्न करा. ट्राय टू ओपन."

"आणि नुसतं उकडत असेल तर?"

त्या क्षणभर थांबल्या. "खिडकी उघडून बघा... ट्राय ओपनिंग!"