मातकट

मातकट हा शब्द मराठीत कौतुकाने सहसा येत नाही. पांढरा शर्ट धुवून धुवून मातकट होतो, पहिल्या पावसात नळाला मातकट पाणी येतं, आणि भिंतीचा नवा रंग मनासारखा उतरला नाही की घरातलं कुणीतरी 'जरा मातकटच वाटतोय' म्हणून मोकळं होतं. सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये मात्र एका माणसाने हाच रंग हाताशी धरून बाराशेच्या वर चित्रं रंगवली. नदी मातकट, होडी मातकट, झाडं मातकट, आणि आकाशही धड निळं नाही. लोकांनी ती चित्रं घेतली आणि घराघरांत टांगली.

त्याचं नाव यान व्हान गोयेन. डच माणूस 'ग' घशातून खरवडून काढतो, त्यामुळे त्याच्या तोंडी ते 'खोयेन'च्या जवळ जातं. गोव्याच्या वाचकांनी आडनाव पाहून हुरळून जाऊ नये, संबंध काही नाही. जन्म लायडन शहरातला, १५९६ चा. वडील जोडे शिवायचे. पोराचा हात चित्रकलेकडे वळतोय म्हटल्यावर त्याला एकामागून एक गुरूंकडे धाडण्यात आलं. त्यांत काचेवर रंगकाम करणाराही एक होता. फ्रान्सची एक फेरी झाली. एवढं सगळं होऊन खरं शिक्षण झालं ते विशीत, हार्लेम शहरात, एसायास व्हान दे व्हेल्दे या चित्रकाराकडे, आणि तेही जेमतेम वर्षभर. १६१८ साली लायडनला परतून लग्न केलं.

सुरुवातीची त्याची चित्रं पाहिली तर हा तोच माणूस का, असा प्रश्न पडतो. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये त्याची १६२५ ची गोल चित्रांची एक जोडी आहे, एक उन्हाळ्याचं आणि एक हिवाळ्याचं. थाळीएवढ्या गोलात लाल-निळ्या कपड्यांतली माणसं खच्चून भरलेली, प्रत्येक जण काहीतरी उद्योगात. गुरूचीच पद्धत ती. मग १६२७ च्या सुमाराला रंग एकेक करून पेटीतून गळायला लागतात. क्षितिज खाली सरकतं, चित्राच्या तळापासून पाव-तिसऱ्या हिश्श्यावर येऊन थांबतं, आणि वरचा सगळा भाग आकाशाला मिळतो. माणसं लहान होतात, पाठमोरी होतात. वाळूच्या टेकाडावरचं एखादं मोडकं कुंपण, एक खोपटं, दोन वाटसरू, बस्स. हार्लेमचे पीटर दे मोलाइन आणि सालोमन व्हान रौसदाल हेही त्याच सुमाराला याच वाटेने निघाले होते, त्यामुळे शोध एकट्या गोयेनचा म्हणता येणार नाही. पण या वाटेवर सगळ्यात जास्त मैल चालला तो हाच.

हे चित्र बनायचं कसं, ते बघण्यासारखं आहे, कारण त्याची सगळी गंमत काटकसरीत आहे.

फळी ओक लाकडाची, बहुधा बाल्टिक किनाऱ्याकडून बोटीने आलेली. ओंडका मध्यापासून बाहेरच्या दिशेने, म्हणजे त्रिज्येवर चिरायचा, तर फळी कमी वाकते. मागच्या बाजूने कडा तासून पातळ करायच्या, म्हणजे ती चौकटीत नीट बसते. फळीवर सरसाचा हात, मग सरसात कालवलेल्या खडूच्या पुडीचं अस्तर. बहुतेक चित्रकार हे अस्तर जाड देऊन घासून गुळगुळीत करत. गोयेनच्या फळ्यांवर ते फारच पातळ असतं. लाकडाच्या रेषांमधल्या खाचा भराव्यात इतकंच. त्यावर तेलातल्या सफेद्यात, म्हणजे शिशापासून केलेल्या पांढऱ्या रंगात, थोडी पिवळी माती मिसळून एक पुसट हात. इथे उजेडाची एक साधी गोष्ट त्याच्या कामी येते. खडू कोरडा असताना पांढरा दिसतो, पण तेल प्यायला की अर्धपारदर्शक होतो. मग खालच्या ओकचा उबदार तपकिरी रंग वर झिरपतो. चित्रातला निम्मा मातकटपणा अशा रीतीने लाकडातूनच आला, त्याला वेगळे पैसे पडले नाहीत.

मग काळ्या खडूने किंवा कोळशाने भराभर रेखाटन. ही रेघ तो पुढे झाकायचीही तसदी घेत नाही. कित्येक चित्रांत ती पातळ रंगाखालून तशीच डोकावते आणि झाडाच्या फांदीचं काम करते. रंग मोजके: पिवळी माती, अंबर नावाची तपकिरी माती, हाडांचा काळा, सफेदा, उजेडाच्या ठिपक्यांना शिसं-कथिलाचा पिवळा, आणि आकाशासाठी थोडा स्मॉल्ट नावाचा निळा. आधी आकाश, कुंचल्याचे आडवे-तिरपे हात, मधूनमधून अस्तर उघडं ठेवून. मग जमीन पातळ तपकिरी रंगात, ती ओली असतानाच तिच्यात जाडसर फिकट रंगाचे फटकारे. अगदी समोरचा पट्टा गडद, कारण तो गडद असला की मागचं सगळं आपोआप दूर जातं. माणसं, गाई आणि होड्या सगळ्यात शेवटी, तयार जमिनीवर.

ओल्यावर ओलं रंगवण्याचा हिशेब सरळ आहे. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि त्याला दिवस लागतात. थरावर थर देणाऱ्याला प्रत्येक थराला थांबावं लागतं. एका बैठकीत काम उरकणाऱ्याला थांबावं लागत नाही. त्यातही अंबरमध्ये मँगनीज असतं आणि ते तेलाला लवकर वाळवतं. सफेद्यातलं शिसंही तेच करतं. काळा रंग मात्र रेंगाळतो. म्हणजे घाईच्या माणसाला मातकट रंग सगळ्याच बाजूंनी सोयीचा. घाई मात्र बेताची हवी. हात जास्त फिरला की ओले रंग एकमेकांत कालवून चिखल होतो, आणि मातकट आणि चिखल यांतला फरक या चित्रांत सगळं काही आहे. गोयेनचा फटकारा एकदाच पडतो आणि तिथेच राहतो.

त्याच्या या वेगाची एक गोष्ट सॅम्युएल व्हान होग्स्ट्राटेन या चित्रकाराने १६७८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात सांगितली आहे. तीन चित्रकारांनी पैज लावली, एका दिवसात एक चित्र पुरं करायचं. क्निबेर्गेनने पाठ असलेलं अक्षर गिरवावं तसं सरसर रंगवलं. गोयेनने सगळ्या फळीवर कुठे उजेड, कुठे अंधार असे रंग फासले, अकीक दगडावर नसतात का तसले, आणि मग त्या डागांतून इथे एक खोपटं, तिथे एक गलबत असं शोधून काढत गेला. तिसरा, यान पोर्सेलिस, बराच वेळ नुसताच बसून होता. त्याने चित्र आधी डोक्यात पुरं केलं. होग्स्ट्राटेनच्या मते जिंकला तो पोर्सेलिस. गोष्ट खरी असो वा रचलेली, फळीवरचं काम पाहिलं की गोयेनचं वर्णन पटतं. निकालाबद्दल मात्र माझा होग्स्ट्राटेनशी वाद आहे. डागांत खोपटं दिसायला आधी शेकडो खोपटी काढलेली असावी लागतात.

आणि ती त्याने काढली होती. चित्रं घरात बसून रंगवायची, पण त्याआधी हिंडायचं, खिशात वही आणि काळा खडू. आज त्याची आठशेच्या वर रेखाटनं उरली आहेत. १६५०-५१ च्या प्रवासातली एक आख्खी वहीही टिकून राहिली. घाट, पाणचक्क्या, चर्चचे मनोरे, सगळं दोन-चार ओळींत. पुढे फळीवर येताना हे सगळं जागचं हलतं. म्युनिकच्या संग्रहात त्याचं १६४३ चं एक चित्र आहे, त्यात लायडनचं होखलान्द्से चर्च त्याने उचलून मनातल्या एका नदीकाठी नेऊन ठेवलंय. ज्या गावात जन्म झाला, तिथलं चर्च! चुकून तर नक्कीच नव्हे. उट्रेख्तजवळच्या पेलेकुसन दरवाजाला तो वेगवेगळ्या चित्रांत वेगवेगळे शेजारी देतो. नायमेखनचा वाल्कहोफ किल्ला त्याने तीसएक वेळा तरी रंगवला. तो किल्ला १७९६-९७ मध्ये पाडला गेला, तेव्हा आता तो पाहायचा तर गोयेनकडेच जावं लागतं, फक्त मोजपट्टी घेऊन जाऊ नये.

इतकं काम, पण पैसा? त्या काळच्या घरोघरच्या मालमत्तेच्या याद्यांत त्याच्या चित्रांची किंमत बरेचदा दहा-वीस गिल्डरच्या (हे तिथलं तेव्हाचं नाणं) आसपास लावलेली दिसते, आणि कसबी कारागिराची दिवसाची मजुरी तेव्हा साधारण एक गिल्डर होती. म्हणजे सुताराच्या दोन-तीन आठवड्यांच्या कमाईत एक गोयेन. बेकरीवाला, कापडवाला घेऊ शकेल असा भाव. भाव कमी, म्हणून चित्र लवकर व्हायला हवं, आणि लवकर व्हायला हवं, म्हणून रंग कमी आणि थर पातळ. अर्थशास्त्राच्या अंगाने कलेचा इतिहास लिहिणारे याला उत्पादनखर्चातली सुधारणा म्हणतात. ऐकायला कोरडं वाटतं, पण खोटं नाही. फक्त तेवढंच खरं नाही. कारण हॉलंडच्या ओलसर हवेत लांबचं सगळं खरोखरच एका रंगाचं होतं. स्वस्त पडणारा रंग आणि खरा दिसणारा रंग एकच निघाला, हे त्याचं नशीब.

बाकी नशिबाने त्याला फारसं काही दिलं नाही. १६३२ च्या सुमाराला तो हेग शहरात गेला, तिथल्या चित्रकारांच्या संघाचा प्रमुख झाला, घरं घेतली, जागा घेतल्या, चित्रांची खरेदी-विक्री आणि किंमत ठरवून देण्याचं कामही केलं. आणि जानेवारी १६३७ च्या अखेरीस हेगच्या राव्हेन्स्टेन नावाच्या नगराध्यक्षाकडून ट्युलिपचे कांदे घेतले. कांदे तेव्हा जमिनीखाली होते, ते उन्हाळ्यात उकरायचे. हिवाळ्यात व्यवहार चालायचा तो नुसत्या कागदांचा. डच लोक त्याला 'वाऱ्याचा व्यापार' म्हणत. फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात बाजार कोसळला. पेटीतून लाल आणि निळा दहा वर्षांपूर्वी बाहेर काढणाऱ्या माणसाने देशातल्या सगळ्यात भडक फुलावर पैसे लावावेत, आणि तेही शेवटच्या आठवड्यात! या देण्याचं शेपूट पुढे कित्येक वर्षं त्याच्या मागे राहिलं.

१६५१ मध्ये हेगच्या नगरपालिकेने शहराचं भव्य दृश्य काढायला सांगितलं आणि त्याचे ६५० गिल्डर दिले. सव्वाचार मीटरहून जास्त रुंदीचं हे चित्र आजही हेगच्या ऐतिहासिक संग्रहालयात आहे. आकाराने सगळ्यात मोठं, मोबदल्याने सगळ्यात मोठं, आणि माझ्या मते बरंचसं निर्जीव. इतकी जागा पातळ रंगाला पेलत नाही, आणि गिऱ्हाईक नगरपालिका असल्यावर चर्च हलवताही येत नाही. १६५२ आणि १६५४ मध्ये त्याने जवळची चित्रं लिलावात काढली. १६५६ च्या एप्रिलमध्ये तो वारला, तेव्हा डोक्यावर सुमारे १८,००० गिल्डरचं कर्ज होतं. मुलगी मार्गारेटा १६४९ मध्ये यान स्टेन या चित्रकाराला दिली होती. तो पुढे सासऱ्यापेक्षा जास्त गाजला, पण हिशेबात जावईही सासऱ्याच्याच वळणाचा.

त्याच्या चित्रांपुढे उभं राहिलं की एक लक्षात ठेवावं लागतं: दिसतो तो सगळा मातकटपणा त्याचा नाही. स्मॉल्ट म्हणजे कोबाल्ट घालून निळी केलेली काच, दळून पूड केलेली. स्वस्त निळा म्हणून सगळे तो वापरत. पण तेलात शेकडो वर्षं राहिला की काचेतलं पोटॅशियम बाहेर पाझरतं आणि निळा रंग करडा-तपकिरी होतो. म्हणजे त्याची काही आकाशं मुळात आजच्यापेक्षा निळी होती. सफेदाही तेलाशी हळूहळू साबणासारखी संयुगं करतो आणि पारदर्शक होतो, मग लाकूड आणखी वर येतं. त्यावर व्हार्निश पिवळं पडतं. आणि सगळ्यात जास्त नुकसान केलं ते साफसफाई करणाऱ्यांनी. फळीच्या रेषांचे उंचवटे आधी घासले जातात, त्यांवरचा पातळ रंग जातो, आणि आकाशात बारीक आडव्या रेघा उमटतात. फळी वाकू नये म्हणून एकोणिसाव्या शतकात मागे लाकडी जाळ्या चिकटवल्या गेल्या. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, जाळी त्याला हलू देत नाही, मग फळीच तडकते. पातळ काम करणाऱ्याला काळ कमी माफ करतो. संग्रहालयात अशा चित्रासमोर जरा बाजूला, तिरप्या उजेडात उभं राहावं. लाकडाच्या रेषा, कुंचल्याचे केस आणि कधीकधी एखाद्या गाईच्या पोटातून आरपार गेलेली क्षितिजरेषा दिसते. गाय नंतर रंगवली, वरचा रंग पारदर्शक झाला, आणि गाय आता अर्धी हवेची आहे.

फ्रँकफर्टच्या स्टेडल संग्रहालयात त्याचं १६५६ सालचं, म्हणजे मृत्यूच्याच वर्षातलं, हार्लेमर मेअरचं चित्र आहे. हार्लेम आणि लायडनच्या मधलं ते प्रचंड सरोवर. पाणी, काही होड्या आणि बाकी सगळं आकाश. वाफेचे पंप लावून १८५२ पर्यंत ते सरोवर उपसून कोरडं केलं, आणि त्याच तळावर, समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली, आज ॲमस्टरडॅमचा स्किफोल विमानतळ आहे. मुंबईहून जाणारं विमान उतरतं ते गोयेनच्या होड्यांच्याही खाली.